सहामाहीचं प्रगतिपुस्तक हातात आल्यावर: तिसरीतल्या मुलीची उंची, डबा आणि मैत्रीण

प्रश्न थोडक्यात असा: ‘जूनमध्ये आम्ही ठाण्यातल्या नौपाड्यातून नवी मुंबईतल्या ऐरोलीत राहायला आलो. मुलगी तिसरीत आहे, राज्य मंडळाची सेमी इंग्रजी शाळा, तीही नवीनच. जन्म नोव्हेंबरचा, नुकतीच 8 पूर्ण झाली. सहामाहीत मराठीला अ-2, गणिताला ब-1. वर्गात सगळ्यांत बुटकी. डबा निम्मा परत येतो. दिवाळीनंतर दोनदा म्हणाली, मला मैत्रीण नाही. बाई म्हणतात, शांत आहे, काही त्रास नाही. पालकसभेत एका घराला 10 मिनिटं मिळतात. त्यात काय विचारू आणि उरलेल्या वर्षात काय करू?’

ताई, तुम्ही मैत्रिणीची गोष्ट जवळजवळ शेवटी लिहिलीत. सुरुवात तिथूनच करा. उंचीला सहा महिने थांबता येतं, आणि वजाबाकी दीड महिन्यात दुरुस्त होते. पण जूनपासून एकटी बसणारी मुलगी एप्रिलपर्यंत तशीच राहिली, तर ‘मी अशीच आहे’ ही तिची स्वतःबद्दलची समजूत होऊन बसते. मग गणितात हात वर करणं थांबतं, डबा घाईघाईने बंद होतो, सकाळी पोट दुखायला लागतं. तुम्ही लिहिलेल्या पाच गोष्टी वेगवेगळ्या दिसतात, पण त्यांतल्या दोन-तीन तरी एकाच मुळाच्या असाव्यात. आणि वेळ अजून आहे. पहिली ते पाचवीसाठी शाळा वर्षात किमान 200 दिवस भरावी असा कायदा आहे. दिवाळीनंतर त्यातले साधारण निम्मे दिवस उरतात. स्नेहसंमेलन, क्रीडादिन आणि सहली वगळल्या तरी वर्गात नवी जागा मिळायला ते पुरेसे आहेत.

‘शांत आहे’ या शब्दाने काहीच कळत नाही. चाळीसेक मुलांच्या वर्गात ज्या मुलासाठी बाईंना थांबावं लागत नाही ते मूल शांत ठरतं. यात बाईंचा दोष नाही, वर्गाचा आकारच तसा असतो. पण शांत मुलं चार तऱ्हेची असतात. काहींचा स्वभावच आधी पाहायचं आणि मग बोलायचं असा असतो. अशा मुलीला एक जोडीदार असतो आणि ती घरी भरभरून बोलते. तिची काळजी करू नका. काहींना खेळायचं असतं, पण आत शिरायची वाट सापडत नाही. नवीन शाळेतली बहुतेक मुलं या गटातली असतात. काहींना कोणीतरी त्रास देत असतं म्हणून ती गप्प होतात. आणि चौथी तऱ्हा हमखास विसरली जाते: नीट ऐकूच न येणारी मुलं. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सर्दीत कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि काही आठवडे कान जड राहतात. मूल हळू बोललेलं चुकवतं, वर्गातली चेष्टा त्याला उशिरा कळते, आणि ते गप्प राहायला शिकतं. घरी ती टीव्हीचा आवाज वाढवते का, ‘काय?’ असं वारंवार विचारते का, तेवढं पाहा. तिच्या पाठीमागे तीनेक मीटरवर उभं राहून हळू आवाजात नाव घ्या. दोन-तीन वेळा वळली नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. हे आधी उरका, कारण कान जड असताना बाकीचे उपाय लागू पडत नाहीत.

पहिल्या तीन तऱ्हांतली कोणती, ते बाईंना चार गोष्टी विचारल्यावर कळतं. तिच्या शेजारी कोण बसतं, आणि ती जागा बाईंनी दिली की तिने निवडली? मोठ्या सुट्टीत ती कुठे असते: मैदानात, बाकावर, की बाईंच्या आसपास? गट करायला सांगितल्यावर तिला कोणी हाक मारतं, की शेवटी उरल्यावर बाई तिला कुठल्या तरी गटात घालतात? आणि जोडीने काम दिलं तर ती बोलते का? ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नका. ‘आठवडाभर मोठ्या सुट्टीत दोन मिनिटं तिच्याकडे पाहाल का?’ एवढंच म्हणा. दैनंदिन निरीक्षण हे आकारिक मूल्यमापनातलं, म्हणजे वर्गातल्या रोजच्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनातलं, एक साधन आहेच, त्यामुळे बाईंना ही मागणी जास्तीची वाटणार नाही.

घरी ‘आज शाळेत काय झालं?’ विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही.’ प्रश्न जागेचा किंवा वस्तूचा असावा. मोठ्या सुट्टीत तू कुठे बसून डबा खाल्लास? आज कोण सगळ्यांत जास्त हसलं? बसमध्ये तुझ्यापुढे कोण बसतं? हे समोर बसवून विचारू नका. मटार सोलताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना विचारा. हात कामात आणि नजर खाली असली की आठ वर्षांचं मूल जास्त बोलतं. एक चूक मात्र बहुतेक घरांत होते: रोज ‘आज कोणी खेळायला घेतलं का?’ असं विचारलं जातं. चार दिवसांत मुलीला कळतं की आईला हेच हवंय, आणि मग ती एक तर लपवते किंवा रोज एक दुःख आणून देते. आठवड्यातून एकदा विचारलं तरी पुरे.

त्रासाच्या खुणा वेगळ्या असतात. पोटदुखी रविवारी संध्याकाळी सुरू होते आणि सुट्टीच्या दिवशी नाहीशी होते. कंपासपेटीतल्या वस्तू वरचेवर हरवतात. शाळेचं नाव काढलं तर चालतं पण बसचं काढलं तर नको होतं, म्हणजे गडबड बसमध्ये आहे. वर्गातल्या एकाही मुलाचं नाव घरात निघेनासं होतं. असं काही दिसलं तर तोंडी सांगून थांबू नका. तारीख, ठिकाण आणि घडलेली गोष्ट तीन-चार ओळींत लिहून वर्गशिक्षिकेला द्या आणि त्याची प्रत मुख्याध्यापकांना द्या. तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) शाळेत असायलाच हव्यात, समितीवर कोण आहेत तेही विचारून ठेवा. गोष्ट नको त्या स्पर्शाची असेल तर पालकसभेची वाट पाहू नका. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास चालते.

तुमच्या वर्णनावरून मात्र ही दुसरी तऱ्हा वाटते. तिला खेळायचं आहे, वाट सापडत नाही. याचं एक कारण ऐरोलीसारख्या वस्तीच्या रचनेतही आहे. नौपाड्यात जुन्या इमारतींच्या अंगणात मुलं न बोलावता जमतात. नवी मुंबईत खेळ सोसायटीच्या फाटकाच्या आत होतो. वर्गातली मुलं सहा सेक्टरांत विखुरलेली असतात आणि सोसायटीतली मुलं चार वेगवेगळ्या शाळांत जातात. शाळेतली ओळख संध्याकाळी पुढे सरकत नाही, आणि संध्याकाळची ओळख शाळेत कामाला येत नाही. नवीन मुलीला दोन्हीकडे पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मोठ्यांनी मुद्दाम घडवल्याशिवाय या दोन गोष्टी इथे जुळत नाहीत.

घडवायचं कसं? आधी एक नाव शोधा. बसमधली, त्याच सेक्टरातली किंवा दोन बाक पुढची, मुलीच्या बोलण्यात एकदा तरी आलेली मुलगी. तिला एकटीला घरी बोलवा. दोघींना बोलावलंत तर त्या दोघींची जोडी जमते आणि तुमची मुलगी स्वतःच्या घरात तिसरी उरते. वेळ दीड तासच, चांगलं चाललेलं असतानाच संपवायचा. आणि हाताला काम आधीच मांडून ठेवा. संक्रांतीच्या आधी तिळाच्या वड्या थापणं, पतंगाची शेपटी चिकटवणं, कुंडीत मेथी पेरणं, असं काहीही चालेल. ‘जा, खोलीत खेळा’ म्हटलं की दोन अनोळखी मुली खेळण्यांकडे पाहत बसतात किंवा मोबाइल मागतात. पेरलेली मेथी तीन-चार दिवसांत उगवते, म्हणजे शाळेत सांगायला काहीतरी मिळतं, आणि ती पाहायला मैत्रीण परत येते. अशा तीन-चार भेटी, दर दहा-पंधरा दिवसांनी. वाढदिवसाला वर्गातली पंधरा मुलं बोलावून मैत्रीण मिळत नाही. त्या गर्दीत नवीन मुलगी पुन्हा कडेलाच उभी राहते.

वर्गातलं काम बाईंचं आहे. त्यांची तयारी असेल तर एक सोपी पद्धत सांगा, अनेक शिक्षक ती वापरतात. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी द्यायची: ‘प्रकल्पाला तुला कोणाबरोबर बसायला आवडेल? तीन नावं लिही.’ आवडणारी नावंच विचारायची, ‘कोण आवडत नाही’ हे कधीही विचारायचं नाही. मुलं बाहेर गेल्यावर एकमेकांना तीच नावं सांगतात आणि त्यातून नवी जखम होते. चिठ्ठ्या गोळा करून कागदावर सगळ्या मुलांचे ठिपके काढायचे आणि बाण जोडायचे. कोणाकडे सात-आठ बाण येतात, कोणाकडे एकही नाही, कोणत्या जोड्या दोन्ही बाजूंनी जुळतात, हे अर्ध्या तासात दिसतं. चित्र पाहिल्यावर चिठ्ठ्या फाडून टाकायच्या, वर्गात एक शब्दही बोलायचा नाही. मग ज्या मुलीकडे बाण नाही तिला तिने लिहिलेल्या तिघांपैकी एकीजवळ बसवायचं. त्यातल्या त्यात जी मवाळ आहे आणि जिच्याकडे थोडेफार बाण आहेत ती निवडायची. वर्गाची म्होरकी निवडू नये, तिच्याभोवती आधीच गर्दी असते. ही जागा तीन-चार आठवडे हलवायची नाही. दर सोमवारी बाक बदलणाऱ्या वर्गात ओळख होते, पण मैत्री व्हायला वेळच मिळत नाही.

गटकामात चारच मुलं आणि प्रत्येकाला नेमून दिलेलं काम असावं: एक लिहिणार, एक साहित्य आणणार, एक वाचून दाखवणार, एक वेळ पाहणार. कामं दर आठवड्याला फिरतात, गट तोच राहतो. नेमलेलं काम नसेल तर बोलकी दोघं सगळं उरकतात आणि शांत मूल रंगाची पेटी धरून बसतं. ‘मुलांनो, हिच्याशी मैत्री करा बरं’ असं वर्गात सांगणं हा सर्वांत वाईट उपाय. त्या क्षणापासून ती वर्गासाठी ‘जिला मैत्रीण नाही ती’ होते.

बोलण्याच्या लकबीचीही चौकशी करा. ऐरोली, दिवा, रबाळे, गोठिवली, घणसोली ही मुळात आगरी-कोळ्यांची गावं. कोपरखैरणे-घणसोलीकडे साताऱ्याकडून आलेल्या माथाडी कामगारांची घरं पुष्कळ आहेत. एकाच वर्गात तीन-चार तऱ्हेची मराठी बोलली जाते. नौपाड्यातून आलेली मुलगी ‘पुस्तकातलं’ बोलते म्हणून तिला चिडवलं जातं. उलटही होतं: आगरी बोलणाऱ्या मुलाला ‘अशुद्ध’ म्हटलं जातं आणि ते पोर वर्षभर तोंड उघडत नाही. यावर एक सुरेख उपक्रम आहे. वर्गात एक तक्ता लावायचा आणि रोज एका वस्तूला ज्याच्या-त्याच्या घरी काय म्हणतात ते लिहायचं: बोंबील, पाऊस, चप्पल, आजी. आगरी मूल त्या दिवशी माशांच्या नावांचं जाणकार होतं, कराडकडचं मूल शेतातल्या शब्दांचं. जानेवारीभर हा तक्ता चालवला की चिडवणं बरंच कमी होतं, कारण वेगळा शब्द असणं ही मिरवायची गोष्ट होते.

आता स्नेहसंमेलन. डिसेंबर-जानेवारीत वर्ग एकत्र येतो किंवा दुभंगतो तो याच वेळी. नाचासाठी आठ-दहा मुलं निवडली जातात, त्यांचा सराव तीन आठवडे चालतो, उरलेली तीस मुलं वर्गात रिकामी बसतात. घेतलेले आणि न घेतलेले अशी फाळणी होते, ती मार्चपर्यंत टिकते. पालक या नात्याने तुम्ही बाईंकडे ‘माझ्या मुलीला पुढे घ्या’ असं मागू नका. मागायचं ते असं: ‘तिला रोज दोघी-तिघींबरोबर करायचं काम मिळेल का?’ समूहगीत, बाहुल्यांचा खेळ, पडद्यामागे मुखवटे रंगवणं, दुसऱ्याचे संवाद पाठ करून आडून सांगणं. तीन आठवडे रोज अर्धा तास त्याच दोघींबरोबर काम केल्यावर जे जुळतं, ते वर्षभर शेजारी बसून जुळत नाही. बुटक्या मुलींना न विचारता पहिल्या रांगेत उभं करतात. तिला आवडणार असेल तर छानच, नाहीतर आधी सांगून ठेवा.

याच दिवसांत ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) यायला लागतात आणि मेपर्यंत राहतात. खाडीचा हा भाग 2015 मध्ये अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. ऐरोलीचं किनारी जैवविविधता केंद्र तुमच्या शाळेपासून लांब नाही. वर्गाची अर्ध्या दिवसाची फेरी ठरली तर दोघा-दोघांना एकच कागद आणि एकच पेन्सिल द्यायला सांगा: एकाने पाहायचं, दुसऱ्याने लिहायचं, अर्ध्या तासाने अदलाबदल. भरती-ओहोटीची वेळ आधी पाहून निघा, नाहीतर पक्षी खूप लांब असतात आणि मुलं कंटाळतात.

डब्याकडे वळू. आधी पाच दिवस लिहून ठेवा: काय दिलं, काय परत आलं, पाण्याची बाटली किती रिकामी झाली. मोठी सुट्टी 25 मिनिटांची धरली तर हात धुण्याच्या आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत दहा जातात. हाती पंधरा उरतात, त्यातही खेळायचं असतं. घट्ट क्लिपचा स्टीलचा डबा आठ वर्षांच्या मुलीला उघडतो का, हे घरी तिच्या हाताने उघडवून पाहा. कित्येक डबे एवढ्याच कारणाने परत येतात, कारण मुलं ‘उघडत नाही’ असं सांगायला लाजतात. पोळी चार तासांनी चिवट होते. पीठ मऊ मळा, पोळीला तूप लावा आणि चार तुकडे करा, किंवा भाजी आत घालून सुरळी करा. रसभाजी नको. थालीपीठ, मेथीचे ठेपले, उकडलेलं अंडं, उसळ घालून केलेला पराठा हे दहा मिनिटांत संपतं. दोन पोळ्या परत येत असतील तर एकच द्या आणि दुपारी घरी आल्यावर पूर्ण जेवू घाला. दिवसभरात मिळून पोटात किती गेलं ते पाहायचं. आणि ती एकटी डबा खात असेल तर डबा लवकर बंद होणारच. शेजारी कोणी बसायला लागलं की निम्मा प्रश्न आपोआप सुटतो.

बाटली भरलेली परत येत असेल तर मला डब्यापेक्षा तिची काळजी जास्त वाटते. शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं किंवा दाराची कडी लागत नाही म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. मग बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ आणि दुपारची डोकेदुखी मागे लागते. बद्धकोष्ठामुळे भूकही मरते. हा प्रश्न एकट्या तुमच्या मुलीचा नसतो, म्हणून तो पालक-शिक्षक संघात मांडा. शाळा अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या स्त्रिया. कडी, पाणी, साबण आणि झाकणाची कचरापेटी, एवढ्या चार गोष्टींची लेखी मागणी पुरे.

मुलगी लवकर दमत असेल, पापणीच्या आतली कड फिकी दिसत असेल किंवा खडू-माती खावीशी वाटत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. 5 ते 11 वर्षांत ते 11.5 च्या खाली असेल तर रक्तक्षय म्हणतात. सरकारी कार्यक्रमात 5 ते 10 वयासाठी लोहाची गुलाबी गोळी आठवड्यातून एकदा असते आणि जंताची गोळी वर्षातून दोनदा, ऑगस्ट आणि फेब्रुवारीच्या सुमारास. शाळेत ती मिळते का ते विचारा. मिळत असेल तर स्वतःच्या मनाने वर टॉनिक सुरू करू नका. जेवणासोबत चहा असेल तर तो बंद करा, चहाने लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा. झोप 9 तासांच्या खाली नको. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरू नयेत असं सरकारने 2024 मध्ये सांगितलं, पण बस सव्वासातला येत असेल तर रात्री साडेनऊला दिवा मालवायलाच हवा. दप्तर मुलीच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जड नसावं: 20 किलोची मुलगी, 2 किलोचं दप्तर. एक लिटर पाण्याची बाटलीच त्यातला एक किलो खाते, म्हणून शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर अर्ध्या लिटरची द्या.

उंचीबाबत पहिली गोष्ट जन्मतारीख. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशाला 31 डिसेंबरपर्यंत 6 वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि नोव्हेंबरमध्ये जन्मलेलं मूल एकाच बाकावर बसतं. या वयात वर्षाला 5 ते 6 सेंटीमीटर उंची आणि दोन-तीन किलो वजन वाढतं. तुमची मुलगी वर्गातल्या सगळ्यांत लहानांपैकी आहे, तिचं बुटकेपण बरंचसं त्यातच आलं. अक्षराचं वळण आणि चारचौघांत बोलायची भीड यांतही हे दहा-अकरा महिने दिसतात.

दुसरी गोष्ट, किती उंच आहे यापेक्षा किती वेगाने वाढते ते पाहा. त्यासाठी माप नीट घ्यायला हवं. तळाशी पट्टी नसलेली सपाट भिंत, अनवाणी पाय, केस वर बांधलेले असतील तर सोडलेले. टाचा, कंबरेचा मागचा भाग, खांदे आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकलेली, नजर सरळ समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात दाबून पेन्सिलने खूण, मग धातूच्या टेपने जमिनीपासून माप. तीनदा घेऊन सरासरी काढा. नेहमी सकाळीच मोजा, कारण संध्याकाळपर्यंत उंची एक सेंटीमीटरपर्यंत कमी भरू शकते. शाळेच्या कार्डावरची जूनची उंची बूट घालून, घाईत घेतलेली असते. ती धरून ‘सहा महिन्यांत वाढलीच नाही’ असं घाबरू नका. आज माप घ्या, जूनमध्ये पुन्हा घ्या, आणि वर्षभराचा हिशेब पुढच्या डिसेंबरात करा. वर्षाला 4 सेंटीमीटरच्या खाली वाढ भरली, किंवा वाढीच्या तक्त्यावर ती आपली नेहमीची रेघ सोडून खाली घसरत असेल, तर लसीकरणाच्या जुन्या पुस्तकासह बालरोगतज्ज्ञांकडे जा. आईवडिलांच्या उंचीचा अंदाजही घ्या. मुलीसाठी दोघांची बेरीज, त्यातून 13 वजा, भागिले 2. आई 152 आणि वडील 165 असतील तर 152 येतं, आगेमागे सात-आठ सेंटीमीटर. उंची वाढवणाऱ्या पावडरींवर पैसे घालवू नका.

राहिलं गणित. ब-1 म्हणजे 71 ते 80, पण त्या एका अक्षरात दोन वेगळ्या मुली लपू शकतात. तिसरीला आकारिक 60 आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं, 40 गुणांचं असतं. आकारिक 50 आणि संकलित 26 मिळून 76 होतात, आकारिक 40 आणि संकलित 36 मिळूनही 76 होतात. यांतल्या पहिल्या मुलीला वर्गात हातांनी आणि तोंडी येतं, पण कागदावर अडतं. दुसरी मुलगी पेपर छान लिहिते, पण रोजच्या कामात, जोडीच्या कृतीत मागे राहते, आणि ते एकटेपणाचंही लक्षण असू शकतं. सभेत ही फोड मागा. आणि उत्तरपत्रिका पाहायला मागा, निदान वही.

वहीत तीन गोष्टी शोधा. 52 वजा 27 बरोबर 35 असं कुठे लिहिलंय का? मूल मोठ्या अंकातून लहान अंक काढतंय, सातातून दोन, पाचातून दोन. ‘लक्ष देत नाही’ असं या चुकीला म्हटलं जातं, पण खरं तर दशक सुटतो ही कल्पनाच तिच्या मनात बसलेली नाही. घरी काड्या घ्या, दहा-दहांचे गठ्ठे रबराने बांधा. 5 गठ्ठे आणि 2 सुट्या ठेवा. सात सुट्या द्यायच्यात, दोनच आहेत, म्हणून एक गठ्ठा तिच्याच हाताने सोडवा. आता 4 गठ्ठे आणि 12 सुट्या. सात काढा, दोन गठ्ठे काढा, उरले 25. हाताने एक कृती झाली की वहीत तेवढंच लिहायचं, मग पुढची कृती. रोज 15 मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, तीन आठवडे. मग 100, 10 आणि 1 रुपयाच्या खेळातल्या नोटा-नाण्यांवर या आणि मुद्दाम 503 वजा 168 द्या. मधलं शून्य आलं की बहुतेक मुलं इथे अडखळतात. शंभराची एक नोट आधी दहाच्या दहा नोटांत मोडायची, त्यांतली एक पुन्हा सुट्ट्या नाण्यांत. उरतात 4 शंभराच्या, 9 दहाच्या आणि 13 नाणी. उत्तर 335. काड्या लवकर बाजूला करणं ही घरातली नेहमीची चूक. मूल स्वतःहून ‘आता नकोत’ म्हणेपर्यंत त्या राहू द्या.

दुसरी गोष्ट सेमी इंग्रजीची. मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी येतो, इंग्रजीत ट्वेंटी-सेव्हन म्हणताना वीस आधी. दोन्ही रोज ऐकणारं मूल 27 च्या जागी 72 लिहितं. एकोणचाळीस ऐकून 49 लिहितं, कारण कानावर चाळीस पडतं. दहा संख्या मराठीतून सांगून लिहून घ्या, त्याच दुसऱ्या दिवशी इंग्रजीतून. चुका एकाच भाषेत असतील तर दुखणं गणिताचं नाही. तिसरी गोष्ट शाब्दिक उदाहरणं. ती मराठीतून वाचून दाखवली आणि पटकन सुटली, तर अडचण वाचनाची आहे, वजाबाकीची शिकवणी लावून उपयोग नाही.

मराठी अ-2 आहे, तरी एक न वाचलेला परिच्छेद वाचून घ्या. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला साठेक शब्द अर्थ समजून वाचता यावेत हे निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाचं उद्दिष्ट आहे. पण मराठीत ‘शाळेमध्येसुद्धा’ हा एकच शब्द, तेव्हा घड्याळाला फार महत्त्व देऊ नका. क्रम आणि कर्म, ग्रह आणि गृह असे शब्द ती वेगळे वाचते का ते पाहा. फळ्यावरून उतरवताना चुकत असेल तर डोळेही तपासून घ्या.

ती 10 मिनिटं अशी वापरा. दोन दिवस आधी बाईंना चिठ्ठी पाठवा: तिच्या मोठ्या सुट्टीबद्दल, गणिताच्या गुणांच्या फोडीबद्दल आणि वहीबद्दल बोलायचं आहे. सभेत पहिली दोन मिनिटं फक्त ऐका. पुढची चार बाकाची जागा आणि सुट्टी यांना द्या, तीन वहीला. उरलेल्या मिनिटात दोघींनी मिळून एकच गोष्ट ठरवा, उदाहरणार्थ तीन आठवडे ठरलेला जोडीदार, आणि पुन्हा कधी बोलायचं ती तारीख. मुलीला शेजारी उभं करून ‘हिला मैत्रीण नाही’ असं बोलू नका. मागच्या रांगेतले पालकही ऐकत असतात, आणि त्यांची मुलं त्याच वर्गात असतात. पहिल्या तीन आठवड्यांत मैत्रीण मिळेलच असं नाही. पण तिच्या बोलण्यात एकच नाव दोनदा-तीनदा आलं, डब्यातली एखादी वडी ‘तिला दिली’ असं कानावर आलं, की बाईंना लगेच कळवा आणि जागा आणखी महिनाभर तीच ठेवायला सांगा.